प्रतिज्ञापत्रावरचं ऊन

मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी सव्वानऊ. करी रोडच्या श्री सातेरी कृपा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवरच्या चाळीस सौर पॅनेलांवर सावली आली. दुपारी तीनपर्यंत ती हलली नाही. त्या दिवशी पॅनेलांनी ऐंशीऐवजी अकरा युनिट वीज तयार केली.

नऊ पंचवीसला लिफ्ट अकराव्या मजल्यावर अडकली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. कोणीतरी चकलीच्या भाजणीचा डबा लिफ्टच्या दारात टेकवून शेजाऱ्याशी गप्पा मारत उभं राहिलं होतं, एवढंच. लिफ्ट चालते बाहेरून येणाऱ्या विजेवर. पॅनेलांची वीज त्या विजेत मिसळते आणि बिलातून वजा होते. संस्थेचे सेक्रेटरी गंगाधर घाडीगावकर यांनी हे तीन सभांमध्ये समजावून सांगितलं होतं, त्यातल्या दोन सभांमध्ये आकृती काढून. तरीही बावीस मजल्यांचा एकमुखी समज असा, की लिफ्ट उन्हावर चालते. पावसाळ्यात लोक आधी खिडकीतून आभाळ बघायचे आणि मग लिफ्टचं बटण दाबायचे. एका बाईंनी तर सप्टेंबरात ढग आले म्हणून डॉक्टरांची वेळ बदलून घेतली होती. त्यामुळे नऊ तीसला गंगाधररावांच्या दारात जी माणसं जमली, त्यांना सावली आणि लिफ्ट यांच्यात काही फरक आहे हे पटवून घेण्याची अजिबात इच्छा नव्हती.

गंगाधरराव गच्चीवर गेले. दक्षिणेला हेलिओरा नावाचा अठ्ठेचाळीस मजल्यांचा टॉवर उभा होता. सातेरी कृपा म्हणजे जुन्या चाळीच्या भाडेकरूंना मिळालेली इमारत आणि हेलिओरा म्हणजे त्याच बिल्डरने त्याच प्लॉटवर बांधून विकलेली इमारत. पुनर्विकासाच्या करारात कार्पेट एरिया होता, पार्किंग होतं, देवळाची जागा होती, पिंपळाच्या पाराचासुद्धा उल्लेख होता. ऊन कोणाच्या वाट्याला जाणार, हे एकशे बारा कुटुंबांपैकी कोणालाही विचारावंसं वाटलं नाही. हेलिओरा हे नाव सूर्यावरून ठेवलं आहे, असं जाहिरातीत लिहिलं होतं. ते खरं होतं. सूर्य त्यांच्याकडेच होता.

आता हे सगळं उंच इमारतींच्या गावात घडायचंच, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण गंगाधररावांनी सही केली होती.

‘ऊर्जास्मार्ट इमारत अभियाना’त भाग घ्यायचा तर सेक्रेटरीने स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात कलम चार असं होतं: ‘सदर गच्ची वर्षभर सावलीविरहित असल्याचे मी स्वतः पाहून खात्री केली आहे. हे असत्य आढळल्यास होणाऱ्या परिणामांस मी व्यक्तिशः जबाबदार राहीन.’ गंगाधररावांनी २१ मे रोजी, दुपारी बारा वाजता, डोक्यावर ओला रुमाल टाकून गच्चीची पाहणी केली. मेच्या त्या आठवड्यात मुंबईत भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो आणि माणसालाही स्वतःची सावली शोधावी लागते. त्यांनी गच्चीच्या चारही कोपऱ्यांत उभं राहून पाहिलं, समाधान पावले आणि खाली येऊन सही केली.

गंगाधरराव चौतीस वर्षं एका विमा कंपनीच्या फोर्टमधल्या कचेरीत दावे तपासत होते. अर्जात माणसाने काय लिहिलं आणि खरं काय होतं, यातला फरक शोधून काढणं हे त्यांचं काम. परळच्या एका बाईंचा दावा त्यांनी फेटाळला होता, कारण वारलेल्या नवऱ्याने अर्जात खोकल्यापुढे ‘नाही’ लिहिलं होतं. ही हकीकत ते इमारतीत निदान वर्षातून एकदा, नव्या सभासदांना शिस्त लागावी म्हणून सांगत. माणसाची सही म्हणजे माणूस, असं त्यांचं म्हणणं होतं. आता त्यांचीच सही कलम चारखाली बसली होती आणि ते कलम सकाळी सव्वानऊपासून खोटं पडत होतं.

सावली येणार हे इमारतीत एका व्यक्तीला आधीपासून माहीत होतं. चौथ्या मजल्यावरच्या रमाबाई परब, वय अठ्ठ्याहत्तर. त्या सोडे सुकवून विकतात. शीव कोळीवाड्यातून कोळंबी येते, रमाबाई ती सोलतात, मीठ-हळद लावतात आणि गच्चीवर सुकवतात. लालबाग ते दादर अशा साठ-सत्तर घरांत त्यांचे सोडे जातात. चाळीच्या काळापासून गच्चीवर वाळवणाच्या जागा खडूने आखलेल्या असत. कोणाची कुठली चौकट, कुठल्या महिन्यात ऊन कुठे, हे बायकांना पाठ. नव्या इमारतीतही त्यांनी वर्षभरात तो नकाशा पुन्हा बसवला. पॅनेलं आली तेव्हा सगळ्या चौकटी गेल्या. रमाबाईंनी फक्त पाण्याच्या टाकीमागची, पश्चिमेची पाच हातांची पट्टी सोडली नाही. मे महिन्यात, पाहणीच्या दिवशी, त्या गंगाधररावांना म्हणाल्या होत्या, “गंगाधरा, आता ऊन डोक्यार आसा. दसऱ्याक बघ खंय जाता ता.”

ही गोष्ट पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदलेली आहे. ‘श्रीमती परब यांची सूचना ऐकून घेण्यात आली.’ इतिवृत्तात ज्या सूचनेपुढे ‘ऐकून घेण्यात आली’ असतं, तिचं पुढे काय होतं हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

अभियानाने इमारतीला पॅनेलांखेरीज आणखीही काही दिलं होतं. व्हरांड्यात हालचाल ओळखून लागणारे दिवे बसले होते. ते हालचाल थांबली की चाळीस सेकंदांत विझत. दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळी रमी खेळणारे चौघे त्यामुळे पत्ते हातात धरून आलटून पालटून दंड हलवत बसत. नव्या माणसाला वाटे, इथे हातवारे करून पत्त्यांची खूण देतात. भजनाच्या दिवशी टाळ वाजवणाऱ्यांनी उजेडाचं काम पत्करलं होतं. ध्यानाच्या वर्गाने जागा बदलली.

सावलीवर उपाय सुचवायला इमारत मागे नव्हती. तळमजल्याचे कुशाबा म्हणाले, समोरच्या भिंतीला आरसे लावा, ऊन वळवून आणता येईल. गिरणीत असताना त्यांनी असं कुठेतरी पाहिलं होतं. कुशाबांनी गिरणीत पाहिली नाही अशी गोष्ट जगात नव्हती. नवव्या मजल्यावरच्या बाईंनी पॅनेलं रोज पुसायला सांगितली. मग कमिटीचा तरुण सभासद विनीत पुढे आला. विनीत लोअर परळच्या एका काचेच्या कचेरीत काम करतो आणि प्रत्येक अडचणीला ‘डेटा’ म्हणतो. त्याने तीन दिवस लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसून सूर्याचा अभ्यास केला आणि चौथ्या दिवशी रंगीत तक्ते दाखवून सांगितलं, की सावली फेब्रुवारीच्या शेवटी जाईल. मधल्या काळात फक्त टाकीमागच्या पट्टीवर दुपारी दोननंतर ऊन येईल. म्हणजे रमाबाईंनी फुकट सांगितलेलं सगळं त्याने अचूक शोधून काढलं होतं.

गंगाधरराव सरळ मनाचे होते, किंवा निदान तसं दिसावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी ठरवलं, प्रतिज्ञापत्र दुरुस्त करून घ्यायचं. चूक झाली, ती लेखी कबूल करायची, प्रकरण मिटवायचं. त्यांच्या कंपनीत दुरुस्तीला जागा होती. अर्जदार मेला नसला तर.

अभियान कक्षाच्या खिडकीतल्या गृहस्थांनी त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. ‘गच्चीवरील सावली’ या रकान्यात दोनच पर्याय होते: ‘नाही’ आणि ‘लागू नाही’.

गंगाधररावांनी विचारलं, की ज्याच्या गच्चीवर सावली आहे त्याने काय करायचं. गृहस्थ म्हणाले, त्याने अर्ज करायचा नाही. आपला अर्ज तर मंजूर झाला आहे. मंजूर अर्जात सावली दाखवायची तर ती मंजुरीनंतर आली असं होतं, आणि मंजुरीनंतर आलेल्या सावलीसाठी ती पाडणाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. गंगाधररावांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि हेलिओराकडे निघाले.

हेलिओराच्या लॉबीत शिरताच त्यांना शिंक आली, इतकं तिथं गार होतं. दिवसाउजेडी दोनशेच्या आसपास दिवे जळत होते. भिंतीवर खरं शेवाळ लावून त्यावर पितळी अक्षरांत पर्यावरणाविषयी काहीतरी इंग्रजीत लिहिलं होतं आणि शेवाळ मरू नये म्हणून त्यावर वेगळे जांभळे दिवे होते. टॉवरला हरित इमारतीचं सर्वोच्च मानांकन होतं. तिथले व्यवस्थापक निमेश यांनी अतिशय अदबीने पाणी दिलं. आपल्या गच्चीवर एकही पॅनेल नाही हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. तिथे रहिवाशांना बसायला-फिरायला स्काय डेक होता. हरित वीज ते कागदावर विकत घेत. सावलीच्या ना-हरकतीबद्दल ते म्हणाले, “अंकल, सावली आमची आहे असं आम्ही लिहून दिलं तर उद्या अजून सात बिल्डिंगा येतील.” उलट त्यांच्याकडेच सातेरी कृपाविषयी दोन तक्रारी पडून होत्या: सप्टेंबरात पॅनेलांची तिरीप तिसाव्या मजल्याच्या डोळ्यांवर येत होती, आणि दुपारी दोननंतर सुक्या मासळीचा वास येतो. त्या मिळाल्याची पोच म्हणून निमेश यांनी सही मागितली. गंगाधररावांनी ती दिली. त्या प्रकरणातली ती त्यांची तोवरची एकमेव खरी सही.

अभियानाची तपासणी १८ नोव्हेंबरला ठरली. तीत नापास झालं तर पॅनेलं काढून नेणार आणि कलम चारखाली सेक्रेटरीला नोटीस येणार, हे सर्वांना कळलं. इमारतीला पॅनेलांची काळजी होती, गंगाधररावांना नोटिशीची. म्हणून ते ७ नोव्हेंबरला रमाबाईंकडे गेले. चार पॅनेलं टाकीमागे हलवायची, तपासणी दुपारी ठेवायची, चारांवर ऊन दाखवायचं, बाकीच्या छत्तिसांकडे फारसं बघायचं नाही, अशी विनीतची योजना होती. गंगाधररावांनी ती ‘तात्पुरती व्यवस्था’ या नावाने मांडली. पंधरा मिनिटं ते इमारतीचं हित, शहराचं भविष्य आणि येणाऱ्या पिढ्या यांविषयी बोलले. रमाबाई कोळंबी सोलत राहिल्या. येणाऱ्या पिढ्यांना सोडे लागणार नाहीत का, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी हात धुतले आणि म्हणाल्या, “तुझ्या कागदार आसा ऊन, गच्चीर नाय. माझ्याकडे पाच हात आसा. ता तुका दिलंय तर माझ्याकडे काय ऱ्हवता? कागद?”

गंगाधरराव परत आले. रात्री जेवताना पत्नी सुचित्राबाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? ते म्हणाले, सूचना ऐकून घेतली.

तपासणीचा दिवस उजाडला. अधिकारी श्रेया, वय तीसच्या आत, पाठीवर सॅक, सकाळी अकरा पन्नासला गच्चीवर पोचली. दुपारची वेळ तिने नाकारली होती, कारण त्या दिवशी तिला एकोणीस इमारती बघायच्या होत्या आणि ही सातवी होती. तिने सावलीकडे पाहिलं, टॉवरकडे पाहिलं, गंगाधररावांकडे पाहिलं. मोबाइल काढून पॅनेलांचा फोटो घेतला. अभियानाच्या ॲपने तो नाकारला. पडद्यावर आलं: ‘सूर्यप्रकाश आढळला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ तिने सात वेळा प्रयत्न केला. सात वेळा आढळला नाही. तीन वेळा नाकारल्यावर इमारत आपोआप नापास होते, असा नियम होता. पण मोजणी ॲपमध्ये अजून सुरू झाली नव्हती, असं ती म्हणाली.

इथे गंगाधररावांनी बोलायला हवं होतं. त्यांनी घसा साफही केला. बाई, माझं प्रतिज्ञापत्र चुकलं, हे वाक्य त्यांनी आंघोळीच्या वेळी तीनदा म्हणून पाहिलं होतं. पण तेवढ्यात विनीतने फोन काढला आणि गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या धर्माला बोलावलं.

धर्मा मंडळाची रोषणाई सांभाळतो. मूर्तीच्या चेहऱ्यावर कुठून उजेड टाकला की डोळे जिवंत दिसतात, हे लालबाग-परळमध्ये त्याच्याइतकं कोणाला कळत नाही, असं तोच सांगतो. त्याला फक्त एवढं सांगण्यात आलं, की गच्चीवर फोटो आहे आणि उजेड कमी आहे. त्याने वीस मिनिटांत एक एक किलोवॅटचे सहा हॅलोजन दिवे चढवले, स्टँडवर लावले, केबल गच्चीवरच्या सोसायटीच्या बोर्डात खुपसली आणि पॅनेलांकडे मूर्तीकडे बघावं तसं बघितलं. मग त्याने दोन दिव्यांवर पिवळा कागद लावला. सकाळचं ऊन हवं की दुपारचं, असं विचारलं. विनीतने बाराचं सांगितलं.

दिवे लागले. करी रोडवर, भरदुपारी, सूर्याच्या विजेच्या तपासणीसाठी, सहा किलोवॅटचा उजेड पडला.

अडचण एकच उरली. फोटोत सेक्रेटरी हवा होता. गंगाधररावांनी एव्हाना टाकीकडे तोंड केलं होतं. आपण पाहिलं नाही असं पुढेमागे म्हणता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण ॲपला चेहरा लागत होता, आणि मतदार ओळखपत्राशी जुळणारा लागत होता. श्रेयाने त्यांना पॅनेलांच्या मधोमध उभं केलं. धर्माने एक दिवा त्यांच्या डाव्या गालावर वळवला. “काका, हनुवटी जरा वर,” तो म्हणाला. ॲपने विचार केला. पडद्यावर आलं: ‘चेहरा ओळखला. सूर्यप्रकाश आढळला. धन्यवाद.’

गंगाधररावांनी दबक्या आवाजात तिला विचारलं, की हे चालेल का. श्रेयाने सॅक पाठीवर टाकली. “काका, ॲपला चाललं ना? मग माझ्यापर्यंत येतच नाही.” ती आठव्या इमारतीकडे गेली.

दिवे एकंदर पाऊण तास जळले. त्यांनी साडेचार युनिट वीज खाल्ली. त्यातून पॅनेलांनी दशांश युनिटसुद्धा परत दिलं की नाही, यावर विनीतचे तक्ते गप्प आहेत. उजेड बंद करायला धर्मा वळला तेव्हा दिव्यांसमोर तीन सुपं ओळीने ठेवलेली होती आणि शेजारी स्टुलावर रमाबाई बसल्या होत्या. कोळंबी दोन तासांत होते तेवढी वीस मिनिटांत सुकली होती. “अरे, ऱ्हवांदे की जरा,” त्या धर्माला म्हणाल्या. “ढग नाय, सावळी नाय. असा ऊन गावाक पण मेळणा नाय.” धर्माने आणखी दहा मिनिटं दिवे राहू दिले. अभियानाच्या संपूर्ण काळात उजेडाचा लाभ झालेल्या त्या एकमेव नागरिक.

गंगाधररावांना त्या रात्री झोप आली नाही. २४ नोव्हेंबरला त्यांनी अभियान कक्षाला चार पानी पत्र लिहिलं. दिवे, सावली, कलम चार, सगळं तारीखवार. शेवटी ‘मी चुकलो’ असं स्वच्छ लिहून त्याखाली सही केली. सुचित्राबाईंनी पत्र वाचून पाहिलं आणि म्हणाल्या, चौतीस वर्षांत तुम्हाला कोणी इतकं खरं लिहून दिलं असतं, तर तुम्ही त्याला पैसे दिले असते का? त्यांनी पाकीट चिकटवलं. पत्र रजिस्टर पोस्टाने गेलं.

उत्तर ११ डिसेंबरला आलं. तीन गोष्टी होत्या. पहिली: आपला अभिप्राय नोंदवण्यात आला असून आमच्या सेवेला किती तारे द्याल, असा प्रश्न. दुसरी: भोवती टॉवर असूनही नोव्हेंबरात भरदुपारी संपूर्ण सूर्यप्रकाश नोंदवणारी शहरातली एकमेव इमारत म्हणून सातेरी कृपाची ‘आदर्श’ म्हणून निवड. तिसरी: सहा शहरांतल्या सतरा अधिकाऱ्यांचं पथक मंगळवारी, १६ डिसेंबरला, सकाळी अकरा वाजता सातेरी कृपाचं तंत्र पाहायला येणार. सेक्रेटरीने ते समजावून सांगावं आणि सोबतचं नवं प्रतिज्ञापत्र सही करून सोमवारपर्यंत द्यावं. त्यात कलम एक असं होतं: ‘नोंदवलेला प्रकाश हा केवळ सूर्याचा होता.’

तातडीची सभा शुक्रवारी झाली. सही करावी असं सर्वांचं मत पडलं. विरोधात कोणी नव्हतं. सहीच्या बाजूने सर्वांत कळकळीने बोलले ते कुशाबा. कुठला उजेड कोणाचा हे गिरणीत कधी कोणी विचारलं नव्हतं, असं ते म्हणाले. विनीतने सतरा जणांच्या नाश्त्याची यादी वाचली. इतिवृत्तात ‘सेक्रेटरींनी संमती दर्शवली’ असं लिहू का, असं विनीतने विचारलं, तेव्हा गंगाधरराव म्हणाले, “मी काही दर्शवलेलं नाही. तसंच लिही.”

शनिवारी दुपारी चारला धर्मा वर आला. पथक मोठं आहे, उभं राहून बघणार आहे, फिरणार आहे. सहा दिव्यांनी भागणार नाही, दिवे दिसताही कामा नयेत, तेव्हा टाकीवरून बारा सोडावे लागतील, असं त्याचं मत पडलं. त्याने गच्ची पावलांनी मोजली होती. “काका, बारा सांगू ना?” त्याने विचारलं. गंगाधरराव जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर स्टॅम्प पेपर होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं. त्यांनी धर्माला बसायला सांगितलं, पाणी आणायला आत हाक मारली आणि बारा दिव्यांना किती केबल लागेल ते विचारलं. धर्मा म्हणाला, दीडशे मीटर.

संध्याकाळी साडेसातपर्यंत कागदावर सही नव्हती. धर्माने टेम्पो सांगून ठेवला आहे.